सौजन्य समिती आणि लिफ्टचं दार

चूक करणाऱ्याला जगात कुणी फारसं विचारत नाही; चूक दाखवणाऱ्याला मात्र सगळे विचारतात, की कुठल्या सुरात दाखवलीस. मानवजातीची बरीचशी प्रगती या एका प्रश्नापाशी येऊन अडलेली आहे, आणि अडली हे बरंच झालं, नाहीतर एवढ्या समित्यांनी दिवसभर काय केलं असतं.

कारभाऱ्याचं कामच चूक दाखवण्याचं होतं. (पोटापाण्याचं काम वेगळं. त्यासाठी तो एका विमा कंपनीत जायचा आणि तिथे चुका झाकायचा.) 'सोपी' नावाची प्रोग्रॅम लिहिण्याची एक भाषा आहे, तिचा कंपायलर तो सांभाळायचा. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या गळी उतरवणारा दुभाषा. लिहिण्यात काही चुकलं असेल तर हा दुभाषा अडून बसतो आणि अमुक ओळीत तमुक चुकलं असं तोंडावर सांगतो. माणसांत असा स्वभाव असलेल्याला कुणी लग्नाला बोलावत नाही. पण यंत्रात तो असावा असं तज्ज्ञांचं मत आहे.

'सोपी' हे नाव ठेवणारा मूळपुरुष ती सोपी करण्याआधीच कंटाळून निघून गेला होता. तो आता बोटी रंगवतो आणि पत्रांना उत्तरं देत नाही. जाताना त्याने कंपायलरच्या पोटात जागोजागी "हे नंतर नीट करू" अशा टिपा ठेवल्या होत्या. 'नंतर' म्हणजे कारभारी.

ही भाषा मुक्त होती. म्हणजे तिच्या कंपायलरचा मजकूर कुणीही वाचावा आणि कुणीही सुधारावा. पहिली सवलत थोड्यांनी घेतली, दुसरी त्याहून थोड्यांनी. आणि तिसरी, जी कुठेच लिहिलेली नव्हती, की कुणीही तक्रार करावी, ती मात्र सगळ्यांनी घेतली. एका पाहणीनुसार (पाहणी कारभाऱ्यानेच दात घासताना केली होती) शेकडा नव्वद लोक 'सोपी' वापरून तक्रार करत होते, नऊ लोक न वापरता तक्रार करत होते आणि उरलेला एक तो स्वतः होता.

हे सगळं चालायचं त्याच्या बायकोच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत. बायको दातांची डॉक्टर. खोलीत फळ्यांवर पेशंटांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे ओळीने मांडलेले असत. सकाळी विमा कंपनीत जाण्याआधी कारभारी त्या साऱ्या उघड्या तोंडांसमोर बसून जगभरच्या तक्रारी वाचायचा. जबडे काही बोलत नसत, त्यामुळे संगत चांगली होती. तक्रारी साधारण ठरावीक असत. "चालत नाही." (ही पूर्ण तक्रार.) "काल चालत होतं." "आमच्या साहेबांसमोर चाललं नाही, याला जबाबदार कोण?" एकाने तर "कंपायलर माझ्यावर डूख धरून आहे" असं लिहून त्याचा पुरावा म्हणून स्वतःचा फोटो जोडला होता.

अशात एका सकाळी एक तक्रार आली. लिहिणारी बाई एका कारखान्यात लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम लिहायची. तिने लिहिलं होतं: "दार उघडं असताना लिफ्ट हलते. चाचणीच्या मनोऱ्यात झालं, आत माणूस नव्हता. छोटा प्रोग्रॅम सोबत जोडला आहे, त्यातही होतं. चूक माझी असेल तर सांगा, कंपायलरची असेल तर सुधारा."

कारभाऱ्याने चष्मा पुसला आणि परत वाचलं. इतकी चांगली तक्रार त्याने वर्षानुवर्षं पाहिली नव्हती. तिच्यात काय झालं ते होतं, कुठे झालं ते होतं आणि कुणाची आई काढलेली नव्हती. मनातल्या मनात त्याने या बाईचं नाव लिफ्टवाली ठेवलं आणि कामाला लागला.

चूक शोधायची जुनी आणि निर्दय रीत आहे: प्रोग्रॅम अर्धा कापायचा आणि चूक कुठल्या अर्ध्यात राहिली ते बघायचं. मग तोही अर्धा कापायचा. काही सकाळी अशा कापाकापीत गेल्या आणि शेवटी चार ओळी उरल्या. दार बंद आहे का, विचार. बंद असेल तर घंटी वाजव. दार बंद आहे का, पुन्हा विचार. बंद असेल तर लिफ्ट हलव. लिफ्टवालीचं काही चुकलेलं नव्हतं. घंटी वाजते तेवढ्यात कुणीतरी दारात पाय घालतं, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने दोनदा विचारलं होतं.

कंपायलरला ते ठाऊक नव्हतं. त्याच्यात काटकसर नावाचा एक टप्पा होता. प्रोग्रॅम पळायला हलका व्हावा म्हणून नको ते काम तिथे कापून टाकत. या टप्प्याने चार ओळी वाचल्या आणि विचार केला: आत्ताच तर विचारलं, बंद म्हणालं, आता परत कशाला विचारायचं? आणि दुसरा प्रश्न उडवून टाकला. पहिलं उत्तर लक्षात ठेवलं आणि त्यावरच लिफ्ट हलवली. शेजारी मूळपुरुषाची टीप होती: "बाहेरून येणारी माहिती मध्येच बदलू शकते का? नंतर बघू."

रविवारी दुपारी जेवताना त्याने हे बायकोला सांगितलं.

"मी पेशंटला विचारते, दुखतंय का," ती म्हणाली. "तो म्हणतो, नाही. मग ड्रिल आत गेल्यावर परत विचारायचं नाही?"

"कंपायलरच्या मते नाही. एकदा नाही म्हणाला ना."

"मग त्याला माझ्या खुर्चीत बसव एकदा," बायको म्हणाली आणि पोळी वाढून घेतली.

दुरुस्ती म्हणावी तर दोन ओळींची होती. सेन्सरकडून आलेली माहिती शिळी होऊ शकते हे काटकसरीच्या टप्प्याला शिकवायचं, आणि ज्या जुन्या प्रोग्रॅमांत लिहिणाऱ्याने "परत विचार" असं म्हटलेलंच नाही तिथे अडून बसून तसं सांगायचं. दोन ओळी कारभाऱ्याने त्याच दिवशी लिहिल्या, तपासल्या. लिफ्टवालीचा प्रोग्रॅम सुतासारखा सरळ आला. आता फक्त एक वाक्य हवं होतं: अडून बसल्यावर कंपायलरने नेमकं म्हणायचं काय.

आणि वाक्य म्हटलं की सौजन्य समिती आली.

या समितीच्या जन्माची कथा उद्बोधक आहे. पूर्वी एखादं चिन्ह लिहायचं राहिलं तर कंपायलर विचारायचा, "अर्धविराम कुठे आहे?" एका तरुण प्रोग्रॅमरला हे वाक्य वाचून शाळेतल्या बाई आठवल्या आणि त्याचं दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. त्याने तसं लिहून कळवलं. त्यावर सातशेहून जास्त लोकांनी मतं दिली. (लिफ्टच्या दारावर एकच मत आलं होतं, "मला समजलं नाही", आणि त्याला चौघांनी अनुमोदन दिलं होतं. त्यांना दोष देता येत नाही. लिफ्ट समजायला अभ्यास लागतो. अपमान समजायला काही लागत नाही.) एवढ्या मतांची वासलात लावायला समिती नेमणं भाग पडलं. अध्यक्षपदी व्याकरणाचे एक निवृत्त मास्तर आले. त्यांनी आयुष्यात प्रोग्रॅम लिहिलेला नव्हता, त्यामुळे ते अगदी निःपक्षपाती होते.

समितीची बैठक पडद्यावर भरायची. कारभारी मागच्या खोलीत बसायचा आणि त्याच्या पाठीमागे फळीवरचे जबडे सगळ्यांना दिसायचे. ते कोण आहेत हे एकाही सदस्याने कधी विचारलं नाही. सौजन्याचा भाग असावा.

"प्रश्न असा आहे," मास्तर म्हणाले, "की यंत्राने माणसाला तू म्हणावं, तुम्ही म्हणावं की आपण म्हणावं."

"प्रश्न असा आहे की लिफ्ट दार उघडं ठेवून हलते," कारभारी म्हणाला.

"त्या मुद्द्याकडे आपण वळणारच आहोत," मास्तर प्रेमाने म्हणाले. "पण वळताना कुणाचा तोल जाऊ नये."

समितीत तीन पक्ष होते. तूवाल्यांचं म्हणणं, माणूस आईला तू म्हणतो, देवालाही तू म्हणतो, मग प्रोग्रॅमरलाच काय सोनं लागलंय? आपणवाल्यांचं म्हणणं, ज्या बिचाऱ्याला घरात, कचेरीत आणि रिक्षात कुणी मान देत नाही, त्याला निदान कंपायलरने तरी द्यावा. तिसरा पक्ष कर्ता गाळणाऱ्यांचा. त्यांच्या मते वाक्यात माणूस आणायचाच कशाला? "आपण चूक केली" म्हटलं की भांडण. "चूक घडली आहे" म्हटलं की हवामान. या पक्षाचं पारडं जड होत होतं, तेवढ्यात एका मोठ्या कंपनीच्या प्रतिनिधीने 'चूक' या शब्दालाच हरकत घेतली. त्यांच्या कंपनीत हा शब्द गेल्या काही वर्षांपासून वापरात नव्हता. (कंपनीची अवस्था पाहता हे खरं असावं.) त्यांनी सुचवलेला शब्द होता 'वेगळेपण'.

शब्द एकमताने मंजूर झाला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथे पखालीचीही आधी लेखी परवानगी घेतली होती.

मधल्या काळात लिफ्टवाली अधूनमधून विचारत होती, दुरुस्ती कधी येतेय. कारभारी उत्तर द्यायचा, वाक्य बनतंय. चौथ्यांदा असं उत्तर दिल्यावर तिने फोन केला. आवाज वयस्क होता, घाईतला, पण चिडका नव्हता.

"माझ्या लिफ्टचं मी बघून घेतलंय," ती म्हणाली. "हाताने सगळं परत लिहिलं. मी माझ्यासाठी विचारत नाहीये."

"मग?"

"परवा वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखाना चौथ्या मजल्यावर. लिफ्ट दुसऱ्या कारखान्याची, पण आतला प्रोग्रॅम 'सोपी'तलाच, पाटीवरून कळतं मला. तिथे खाली उतरणारा प्रत्येक माणूस डोळ्याला पट्टी बांधून उतरतो. दार उघडं आहे की बंद, बघणार कोण?"

कारभाऱ्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी त्यांना जिन्याने उतरवलं. हाताला धरून, चारही मजले. म्हणत होते, लिफ्ट असताना मुलगी मला चालवते, लोकांना काय वाटेल. आता पुढल्या महिन्यात दुसरा डोळा आहे."

"समितीचा मसुदा जवळजवळ तयार आहे," कारभारी म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. विमा कंपनीतही तो असंच बोलायचा, पण तिथे त्याचा पगार होता.

"हे बघा," लिफ्टवाली म्हणाली, "मला तू म्हणा, आपण म्हणा, गाढव म्हणा. पण थांबवा. लिफ्टवाल्यांना कुणीतरी थांबवायला पाहिजे."

मसुदा आला तो येणेप्रमाणे: "आपण लिहिलेल्या या सुरेख प्रोग्रॅमात एके ठिकाणी एक वेगळेपण आढळते. ते तसेच राहू देण्यास कोणतीही हरकत नाही. सवडीने नजर टाकल्यास आनंद होईल." एवढं सौजन्य दाखवून झाल्यावर पुढे अडून बसणं असभ्य दिसलं असतं. म्हणून समितीने ओघानेच ठरवलं की कंपायलरने हे वाक्य दाखवावं आणि प्रोग्रॅम जसाच्या तसा पुढे जाऊ द्यावा. म्हणजे लिफ्ट पूर्वीसारखीच दार उघडं ठेवून हलणार होती, पण आता सगळ्यांच्या शुभेच्छांसह.

"पण मग दुरुस्ती कुठे राहिली?" कारभाऱ्याने विचारलं.

"दुरुस्ती हा शब्दच जरा," कंपनीचे प्रतिनिधी म्हणाले, "नाही का?"

मास्तरांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. 'आढळते' की 'आढळून येते' हा मुद्दा अजून उरला होता.

शनिवारी सकाळी कारभारी मागच्या खोलीत डोकं धरून बसला होता. पुढच्या खोलीत बायको एका पेशंटच्या दाढेवर काम करत होती. पेशंट म्हणजे निवृत्त न्यायाधीश. गावात त्यांना त्यांची सख्खी बहीणसुद्धा अहो म्हणायची. बायकोचं आर्जवी बोलणं दाराआडून ऐकू येत होतं. जरा तोंड उघडता का, थोडंसं जाणवेल बरं का, छान, अगदी छान. मग ड्रिलचा आवाज सुरू झाला, आणि त्यात एकदम तिचा आवाज आला: "थांब. हलू नकोस."

ड्रिल बंद पडलं. मग पाण्याची चूळ, मग पुन्हा आर्जव. थोड्या वेळाने न्यायाधीश गालाला हात लावून, आभार मानून निघून गेले.

"त्यांना तू म्हणालीस," कारभारी म्हणाला.

"कधी?" बायको हातमोजे काढत होती. "हां. अरे, जीभ मध्ये आणली त्यांनी. 'थांब'ला काना द्यायला वेळ कुठे होता?"

"रागावले नाहीत?"

"जीभ जागेवर आहे त्यांची. रागावायचं असेल तर रागावता येईल." तिने हात धुतले. "काना काय, नंतरही देता येतो."

कारभारी आत गेला. त्याने खुर्ची पुढे ओढली, त्या दोन ओळी पुन्हा एकदा तपासल्या, आणि वाक्याच्या जागी लिहिलं: "थांब. ही माहिती शिळी झाली असेल. परत विचार." मग समितीला न विचारता नवा कंपायलर जगासाठी खुला करून टाकला. इतक्या वर्षांत त्याने कुणालाही न विचारता केलेली ही पहिलीच गोष्ट होती. लग्नसुद्धा त्याने सगळ्यांना विचारून केलं होतं.

सोमवारी आभाळ कोसळलं. ठिकठिकाणचे प्रोग्रॅम अडले, आणि जिथे अडले तिथे पडद्यावर तो शब्द झळकला. तक्रारींचा ढीग लागला. "आमच्या कंपनीतील तीनशे सुशिक्षित कर्मचाऱ्यांना एकाच सकाळी 'थांब' म्हणण्यात आले." "माझ्या वडिलांनी मला कधी असं म्हटलेलं नाही." "शिळी हा शब्द आमच्या माहितीबद्दल वापरल्यामुळे आमचे साहेब दुखावले आहेत." त्या तरुण प्रोग्रॅमरला पुन्हा शाळेतल्या बाई आठवल्या. आणि हे सगळं लिहून झाल्यावर, तो नकोसा शब्द डोळ्यांसमोरून जावा एवढ्याचसाठी, प्रत्येकाने आपल्या प्रोग्रॅमात जाऊन "परत विचार" अशी एक ओळ घातली. त्या ओळीने काय होतं हे कुणी पाहिलं नाही. शब्द गेला, तेवढं पुरलं. आठवडा संपायच्या आत ज्यांची दारं उघडी राहत होती अशा बहुतेकांची दारं बंद झाली: लिफ्टची, कारखान्यातल्या भट्ट्यांची, आणि एका प्राणिसंग्रहालयातल्या पिंजऱ्याची, ज्याबद्दल तिथल्या व्यवस्थापकांनी फक्त सुराविषयी नापसंती कळवली.

समितीने तातडीची बैठक घेऊन कारभाऱ्याच्या वर्तनाबद्दल खेद व्यक्त केला.

"तुम्ही मनाने चांगले आहात," मास्तर म्हणाले, "पण भाषेत कमी पडता."

"खरं आहे," कारभारी म्हणाला.

"यापुढे वाक्यं आम्ही लिहू. तुमच्याकडे फक्त दुरुस्तीचं काम राहील."

म्हणजे त्याच्याकडे जे पूर्वी होतं तेच राहिलं, वजा बैठका. ही शिक्षा ऐकून त्याला इतकं हलकं वाटलं, की ते तोंडावर दिसू नये म्हणून त्याने पडदा बंद केला आणि नेटवर्क गेल्याचं कळवलं. समितीने मग शिस्तीने, सर्व पक्षांना विश्वासात घेऊन, 'थांब'ला काना दिला. ठरावाच्या बाजूने मोठं बहुमत होतं. ज्यांना 'थांबावे' हवं होतं त्यांनी सभात्याग केला.

पुढच्या महिन्यात लिफ्टवाली वडिलांना घेऊन पुन्हा डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. येताना म्हाताऱ्याच्या दुसऱ्या डोळ्यावर पट्टी होती. ती त्यांना लिफ्टने घेऊन उतरली. त्याआधी तिने चौथ्या मजल्यावर उभं राहून दार मिटू लागलं की आपला बूट मध्ये घालून पाहिला, एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. दर वेळी दार मागे सरकलं आणि लिफ्ट जागची हलली नाही. हे तिने कारभाऱ्याला फोनवर सांगितलं.

"वडील काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"म्हणाले, ही लिफ्ट बिघडलीये. मागल्या वेळी जिन्याने लवकर पोचलो होतो."

कारभारी हसला. मग त्याने नव्या तक्रारी उघडल्या. बहुतेक लिफ्टबद्दलच होत्या, आणि प्रोग्रॅमरांच्या नव्हत्या, साध्या माणसांच्या होत्या.

वाचकहो, त्यांतली एक आपली आहे. आज सकाळी आपण लिफ्टमध्ये शिरलात. दार मिटत आलं होतं, तेवढ्यात कुणीतरी पाय घातला, दार पुन्हा उघडलं, लिफ्टने पुन्हा विचारलं आणि मगच ती हलली. तेवढ्या वेळात आपण दार मिटायचं बटण किती जोराने दाबलंत हे आपल्याला ठाऊक आहे. आपली नाराजी समितीपर्यंत पोचली आहे. लिफ्टने इतकं विचारत बसावं का, यावर पुढच्या बैठकीत विचार होईल, आणि एकंदर रागरंग पाहता आपल्या मनासारखंच होईल. समितीच्या पत्रात आपला उल्लेख 'आपण' असाच केलेला आहे.